शीण उतरला पाहिजे

आपले चितेगाव पैठणच्या रस्त्यावर आहे. इथे शेती आहे, तसे कारखानेही आहेत. कुणी औत धरतो, कुणी पाळीवर जातो. शीण दोघांनाही येतो.

पोळ्याला आपण बैलाचे खांदे मळतो. त्या दिवशी त्याला जुंपत नाही. मग माणसाच्या खांद्याचे काय?

पूर्वी मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. १८८४ साली त्यांनी कामगारांची संघटना उभी केली. सभा घेतल्या, अर्ज केले. सहा वर्षांनी, १८९० साली, रविवारची सुटी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही बरेच झाले!

विसावा म्हणजे आधी झोप. दिवसा शिकलेले रात्रीच्या झोपेत पक्के होते. तुम्ही आज गिरवलेली अक्षरेसुद्धा! दारू पिऊन लवकर झोप लागते खरी, पण ती मोडकी झोप. सकाळी डोके जडच.

नुसते पडून मनाचा शीण जात नाही. हसायलाही हवे. पैठणचे एकनाथ महाराज सोळाव्या शतकातले. त्यांनी विंचवावर, जोशावर भारुडे रचली. सोंग पाहून लोक हसतात आणि हसता हसता विचारात पडतात.

घरच्या बाईला मात्र सुटीच्या दिवशी दोन भाकरी जास्तच थापाव्या लागतात. गावात भारुड असेल त्या रात्री भांडी दोघांनी मिळून आवरावी. म्हणजे तिलाही पुढे बसायला जागा मिळेल.