विंचू चावला की कळ मस्तकात, मण्यार चावली तर पत्ताच नाही. असं का?



पावसाळा सुरू झाला की पवईत साप-विंचवाचा विषय वर्गात हमखास निघतो. इकडे तलाव, शेजारी आयआयटीची झाडी, पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. मुलं विचारतात, "विष म्हणजे दुखणारच ना?" नाही! आणि हे घरोघरी माहीत असायला हवं.

वेदनेचा निरोप कसा जातो?
मज्जातंतूच्या पटलावर अतिसूक्ष्म दारं असतात. इजा झाली की सोडिअमची दारं उघडतात, आयन आत शिरतात आणि विद्युत संदेश पुढे सरकतो. दारं क्षणार्धात मिटतात. संदेश मेंदूत पोचला की आपण "आई गं!" म्हणतो.

विंचू : दार मिटूच देत नाही
कोकणातल्या लाल विंचवाचं विष ही सोडिअमची दारं मिटू देत नाही. एका संदेशाऐवजी संदेशांची रांगच लागते, म्हणून कळ थांबत नाही. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या नसाही अशाच चेकाळतात. दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय ही खरी धोक्याची खूण. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी यावर रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मण्यार : निरोप पोचूच देत नाही
मण्यारीचं विष वेदनेच्या नसांना फारसं डिवचत नाही. ते मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात, तिथला निरोप तोडतं. मेंदू हुकूम देतो, स्नायूला तो मिळत नाही. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास अडतो. ही सहसा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. खूणही दिसेलच असं नाही. म्हणून मूल पहाटे पोटदुखीने उठलं आणि डोळे मिटायला लागले, तर "काही खाल्लं असेल" म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा, थेट रुग्णालय गाठा. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं नको.

विषातून औषध
समुद्रातल्या एका शंखाच्या विषावरून झिकोनोटाइड हे वेदनाशामक तयार झालं. ते मज्जारज्जूतली कॅल्शिअमची दारं बंद करून वेदनेचा निरोप अडवतं. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली.

वर्गात करून पाहा
दहा मुलं हात धरून उभी करा. पहिल्याने हात दाबला की पुढच्याने दाबायचा. हा झाला संदेश. मग एकाला दाबतच राहायला सांगा : विंचू. नंतर शेवटच्या दोघांचे हात सोडवा : मण्यार. समजावून सांगावंच लागत नाही!

विचार करा
१. वेदना नाही म्हणजे धोका नाही, हे बरोबर आहे का?
२. विंचवाच्या आणि मण्यारीच्या विषात नेमका फरक काय?
३. जमिनीवर झोपताना मच्छरदाणी गादीखाली खोचून का लावावी?

तिसरा प्रश्न मुलांना घरी विचारायला सांगा. उत्तर मिळेल आणि मच्छरदाणीही लागेल.