वाटाण्याचा वेल आणि तुमचा पहिला चित्रपट

शाळेच्या प्रकल्पासाठी चित्रपट करायचे ठरले, की आधी गोष्ट आणि नट यांची शोधाशोध सुरू होते. माझे ऐकाल तर पहिला नट म्हणून एक बी घ्या. ती कंटाळून घरी जात नाही.

ही युक्ती माझी नव्हे. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला जाऊन चित्रपटकला पाहून आले. तेथे खरेदी केलेला कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले व कॅमेरा समोर ठेवून महिनाभराहून अधिक काळ त्यांची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो चित्रपट पडद्यावर जेमतेम मिनिटभर चाले. तो पाहून काहींनी त्यांना कर्ज देऊ केले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

महिना मिनिटात कसा मावतो? त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवीत. म्हणजे मिनिटाला ९६० चित्रे. तीस दिवसांची मिनिटे ४३,२००. त्यांना ९६०ने भागा. रात्रंदिवस सारख्या अंतराने टिपायचे, तर दर ४५ मिनिटांना एक चित्र पुरते.

आमच्या वाशिमकडे सोयाबीनला तोटा नाही, म्हणून काही विद्यार्थ्यांबरोबर मी तीच पेरली. पहिल्या खेपेस मोबाइलने दर दोन तासांनी एक चित्र घेतले. पाच दिवसांत ६० चित्रे झाली. सेकंदाला २४ या वेगाने ती अडीच सेकंदांत संपली! आधी नुसती माती, आणि लगेच उभे रोप. मधला जन्मच हरवला.

दुसऱ्या खेपेस अंतर दहा मिनिटांचे केले. ७२० चित्रे, म्हणजे ३० सेकंद. पण पडदा सारखा लुकलुकू लागला. दिवसा खिडकीचा उजेड, रात्री दिव्याचा. शिवाय मोबाइल आपल्या मर्जीने उजळपणा कमीजास्त करीत होता. एका रात्री दोन तास वीज गेली. पडद्यावर अर्धा सेकंद काळोख! (बारा चित्रे, पडताळून पाहा.)

तिसऱ्या खेपेस खिडकी जाड कापडाने झाकली, एका बाजूला बॅटरीवर चालणारा दिवा लावला, मोबाइल तिवईवर घट्ट बांधून त्याचा उजळपणा पक्का केला आणि कुंडीत मोजपट्टी उभी रोवली. आता सारे दिसले. आकड्यासारखा वाकलेला कोंब माती फोडून वर आला, सरळ झाला, आणि दोन्ही बीजपत्रे त्याने वर ओढून घेतली.

मग रोप डावीकडे कलू लागले. “कॅमेरा हलला,” मी म्हणालो, “पुन्हा करावे लागेल.” एका विद्यार्थिनीने पडद्यावरील पट्टीकडे बोट दाखवले. पट्टी प्रत्येक चित्रात ताठ होती! कॅमेरा जागचा हलला नव्हता. रोप दिव्याकडे झुकत होते. अंधाराकडील बाजूच्या पेशी अधिक लांब होतात, म्हणून खोड उजेडाकडे वळते. पट्टी नसती, तर माझ्या शब्दावर चांगला प्रयोग मोडला असता.

तुम्ही करताना अर्ध्या वाटेवर दिवा दुसऱ्या बाजूला ठेवा आणि रोप किती वेळाने मान फिरवते ते चित्रे मोजून काढा. आमची पट्टी दिव्याच्याच बाजूला होती, त्यामुळे शेवटी पानांनी तिच्या खुणा झाकल्या. तुम्ही ती रोपाच्या मागे, थोडी दूर रोवा.