अपग्रेडनंतर स्टोरेज गळतंय? आधी नेटवर्क कार्ड बघा

बोरी अरबसारख्या गावात एखाद्या पतसंस्थेचा किंवा जिनिंगचा हिशेब जुन्या डेस्कटॉपवरच्या प्रॉक्समॉक्सवर चालत असेल, व्हीएमच्या डिस्क शेजारच्या नॅसवर एनएफएसने जोडलेल्या असतील, आणि हायपरव्हायजर अपग्रेड केल्यापासून स्टोरेज मधूनच गायब होत असेल, तर ही कृती करा. यवतमाळचा कॉम्प्युटरवाला फोनवर सांगेल. पण नेटवर्कच ये-जा करत असताना त्याला लांबून आत शिरता येणार नाही. म्हणून मशीनला मॉनिटर-कीबोर्ड लावूनच बसा.

आधीच बजावतो, डिस्क दुरुस्तीला धावू नका. व्हीएममध्ये फाइल सिस्टिम रीड-ओन्ली झालेली दिसते, स्टोरेजपुढे करडं प्रश्नचिन्ह येतं आणि हात आपसूक दुरुस्तीच्या कमांडकडे जातो. खालचं नेटवर्क डळमळत असताना केलेली दुरुस्ती चांगल्या डेटाचंही वाटोळं करू शकते. व्हीएम नीट बंद करा. एखादी बंद होत नसेल तर जबरदस्ती नको. हार्ड माउंट असेल तर ती व्हीएम नॅस परत यायची वाट बघत खोळंबलेली असते. रात्रीचा बॅकअपही तूर्त थांबवा.

आता होस्टच्या कर्नलचा लॉग उघडून वेळा जुळवा. ‘सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग’ आणि मागोमाग ‘सर्व्हर ओके’ अशी जोडी दिसली, की तिच्या जरा आधी काय घडलं ते वाचा. इंटेलचं आय-२१९ कार्ड असेल (ऑफिसच्या डेस्कटॉपात ते फार आढळतं), तर तिथे ई-१०००-ई ड्रायव्हरची ‘डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग’ ही ओळ शोधा. कार्ड अडकतं, ड्रायव्हर ते रीसेट करतो आणि तेवढ्यात नॅस तुटते. वाहतूक वाढली की हे घडतं, म्हणून दिवसा सगळं आलबेल आणि बॅकअपला बोंब.

ओळ सापडली तर ईथटूलने टीएसओ आणि जीएसओ ही ऑफलोडिंगची सोय बंद करा. व्हीएममधल्या आभासी कार्डावर नव्हे, ब्रिजखालच्या खऱ्या कार्डावर. प्रोसेसरवर थोडा भार वाढेल, एवढंच. मग नॅसवर एक दांडगी फाइल टाका आणि शेजारच्या खिडकीत लॉग वाहता ठेवा. हँग आला नाही तर हीच कमांड इंटरफेसेस फाइलमध्ये पोस्ट-अपच्या ओळीत लिहा, नाहीतर रीबूटनंतर पहिले पाढे पंचावन्न.

ओळ नसेल तर बूट मेनूतून जुना कर्नल निवडा. तो सहसा तिथेच असतो. त्यावर सगळं सुरळीत चाललं तर संशय नव्या ड्रायव्हरवर, आणि जुना कर्नल तूर्त पिन करून ठेवा. त्यावरही तीच रड असेल तर केबल आणि स्विचचा पोर्ट बदला.

जम्बो फ्रेम वापरत असाल तर तुकडे न पाडता ८९७२ बाइटचा पिंग नॅसकडे सोडा. छोटा पिंग जातो आणि हा अडतो, तर वाटेत कुठेतरी एमटीयू ९००० राहिलेला नाही.

नेटवर्क अधूनमधून नव्हे, पार बंदच असेल तर गोष्ट वेगळी. नव्या कर्नलने कार्डाचं नाव बदललेलं असू शकतं आणि ब्रिज जुन्याच नावाला धरून बसलेला असतो. इंटरफेसेस फाइलमध्ये नवं नाव घाला.

नेटवर्क सावरलं की थांबवलेला बॅकअप पुन्हा सुरू करा आणि रात्रीचा एक बॅकअप निर्विघ्न पार पडू द्या. त्यानंतर रीड-ओन्ली झालेल्या व्हीएमच्या डिस्कची प्रत काढा आणि मगच मूळ डिस्कवर एफएससीके ही दुरुस्तीची कमांड चालवा.