हिरवा फ्यूज

शहापूर,
११ जानेवारी २०२६

चि. बाळू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तीन वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. चौथ्यांदा तुझ्या आईच्या फोनवर केला तर ती म्हणाली, "झोपलाय." म्हटलं, नाइट शिफ्ट होती का? म्हणाली, "गाडीखाली झोपलाय, पक्कड घेऊन." म्हणून हे पत्र. कागद हातात आला की टाकून देता येत नाही, एवढं वळण ताईने तुला लावलेलं आहे.

ह्या वर्षी दोन तारखेचा हुतात्मा दिन आणि तीनची पौष पौर्णिमा लागोपाठ आली. सिद्धगडाला जाऊन तसाच म्हशाच्या यात्रेत उतरलो. घोंगड्यांच्या रांगेत धसईचे तात्या भेटले. त्यांनी आधी तुझं कौतुक केलं. भाचा तुझा हिकमती, खालच्या मॉडेलचं घरच्या घरी वरचं मॉडेल केलं, बटणाच्या काचा, सेंट्रल लॉक, मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवर गाण्याची बटणं, सगळं कंपनीतून आल्यासारखं. माझी छाती फुगली. मग निघता निघता म्हणाले, "आमच्या पोराच्या गॅरेजातून हिरवा फ्यूज नेला त्याने. लाल सारखा उडतो म्हणाला."

बाळू, मी हातातली घोंगडी तिथेच ठेवली.

लाल म्हणजे दहा अँपिअर, हिरवा म्हणजे तीस. हे तुला माहीत आहे, आणि तीच तर भीती आहे. न कळणाऱ्याने चूक केली तर समजावता येतं. तू कळून केलंस.

पुढे बैलबाजारात आणखी एकाने गाठलं. त्याच्या सांगण्यात तुमच्या गाडीतून टोकावड्याजवळ धूर निघाला होता आणि ताईला धरून बाहेर काढावं लागलं. यात्रेतली बातमी दहा माणसांतून फिरते, म्हणून ताईलाच विचारलं. ती म्हणाली, "धूर कुठला? वास आला जरासा. मी काच खाली केली." कुठली काच, बाळू? तू बसवलेली, बटणाची. ती खाली झाली म्हणून ताई मला हे फोनवर सांगू शकली. आणि डिकीत सीएनजीची टाकी, भरली की दोनशे बारच्या दाबाची. टाकीची दर तीन वर्षांची तपासणी दाजी चुकवत नाहीत, त्याचा पुढचा महिना कोणता तेही त्यांना तोंडपाठ असतं. त्याच गाडीत पोरगं डॅशखाली काय करून बसलंय, ते मात्र त्यांना ठाऊक नाही.

लाल का उडत होता, ते इथे बसून सांगतो, चुकलो तर कान धर. तू काचेच्या मोटरीला वीज रेडिओच्या लाइनवरून घेतलीस. डॅशखाली ती पटकन सापडते आणि किल्ली बंद केली की बंद होते. काच अधेमधे असेपर्यंत सगळं ठीक. वर जाऊन रबरात टेकली की मोटर अडते, आणि अडलेली मोटर चालत्या मोटरीच्या कितीतरी पट करंट ओढते. तिथे लाल उडतो. तो बिचारा सांगत होता, ही वायर ह्या कामाची नाही. तू सांगणाऱ्याला बदललंस. वायर तीच, रेडिओपुरती बारीक.

फ्यूज मोटरीला वाचवायला नसतो रे, वायरीला वाचवायला असतो. लाल असताना जास्त करंट गेला की फ्यूज जातो. हिरवा असला की तो बसून राहतो आणि वायर तापते, पीव्हीसी मऊ होतं, शेजारची वायर तिला चिकटते. त्याचाच वास ताईला आला.

आपल्या भागाला विजेच्या तारांशी खेळणं नवं नाही म्हणा. भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून मुंबईच्या गिरण्यांची वीज तोडली होती. दोन जानेवारी १९४३ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. त्या पोरांना आपण काय तोडतोय आणि त्याची किंमत काय, हे पक्कं ठाऊक होतं. तुला ठाऊक आहे का, की त्या गाडीत पुढच्या सीटवर रोज कोण बसतं?

रागावलो. असू दे. आता तुला एक सांगायचंय, ते पत्रातच सांगता येईल.

थोरला मामा घड्याळ उजव्या हाताला का बांधतो, असं तू लहानपणी विचारायचास. डाव्या मनगटावर पट्टा टोचतो, कातडी भाजलेली आहे, एवढं तुला सांगितलं होतं. जीप जळली हेही तुला माहीत आहे. कशाने जळली, तर उंदराने वायर कुरतडली. घरात तसंच बोललं जातं. विषय निघाला की ताई उठून चहा टाकते, तेही तू पाहिलंयस.

उंदीर नव्हता. मी होतो.

१९८८ साल. मी बावीसचा, कल्याणला एका गॅरेजात वायरमनच्या हाताखाली. दादाने कर्ज काढून जीप घेतलेली, टोकावड्यापासून घाटापर्यंत पॅसेंजर भरायचा. माळशेजच्या धुक्यात दिसत नाही म्हणाला. मी म्हटलं, दोन दिवस गाडी दे, रात्रीचा दिवस करतो. साठ-पंचावन्न वॅटचे बल्ब काढून शंभर-नव्वदचे घातले. हिशेब सोपा आहे. बारा व्होल्टवर साठ वॅटला पाच अँपिअर, शंभर वॅटला आठाच्या वर, दोन दिव्यांचे सोळा-सतरा. जुनी वायर आणि डॅशवरचा स्विच हे झेपणार नाहीत, एवढं मला कळत होतं. मग मी शहाणपणा केला, बॅटरीवरून थेट नवी जाड वायर ओढली. रिले घातला नाही, फ्यूजही नाही. आणि ती वायर इंजिनाकडून केबिनमध्ये नेली ती पत्र्याला भोक पाडून, त्या भोकाला रबरी बूच न घालता. बूच खिशात होतं. भोक जरा लहान पडलं, पुन्हा ड्रिल आणायला कोण जातो, म्हणून राहिलं.

दिवे लागले तेव्हा अख्खी आळी बघायला आली होती. दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची ऊब मला अजून आठवते, आणि तोच हात पुढे भाजला.

दोन महिने पत्र्याच्या कडेने वायर घासत राहिली. वैशाखऱ्याच्या पुढे एका संध्याकाळी तांबं पत्र्याला टेकलं. मध्ये फ्यूज नाही, म्हणजे अख्खी बॅटरी त्या एका ठिपक्यात रिकामी व्हायला लागली. पॅसेंजर उड्या मारून उतरले, कोणाला खरचटलंही नाही. दादा बॅटरीची तार तोडायला हात घालून बसला.

मी पोचलो तेव्हा सांगाडा उरला होता. बाबांनी विचारलं, कशाने? माझ्या तोंडून निघालं, उंदीर. कोणी काही बोललं नाही. बाबांनी त्या वर्षी गोठ्यात तीन सापळे लावले. पौषात म्हशाच्या यात्रेत ढवळ्या-पवळ्याची जोडी उभी केली, आणि जीप नसताना जीपचे हप्ते फेडले. बैल विकून येताना त्यांनी आईसाठी घोंगडी आणली होती. ती घोंगडी ताईने अजून ठेवली आहे, तू तापात असलास की तुझ्यावर घालायची ती काळी.

सदतीस वर्षं मी बैलबाजाराच्या कडेने जातो. ह्या वर्षी त्या माणसाने हाक मारली म्हणून आत गेलो, आणि नेमकं तिथे उभं राहून तुझ्या धुराचं ऐकलं.

आता तुझ्या कामाबद्दल. तात्यांच्या पोराला नंतर फोन करून सगळं खोदून विचारलं. तो म्हणाला, स्टिअरिंगच्या बटणांना तू प्रत्येकी वेगळा रेझिस्टन्स लावलास आणि एकाच वायरीवरून सगळी बटणं रेडिओला ओळखायला लावलीस. खरं सांगू? मला आतून गुदगुल्या झाल्या. कंपन्याही अशीच बटणं चालवतात. माझ्या वयाच्या कित्येक वायरमनना ही युक्ती आजही सांगून समजत नाही. कुर्ल्याच्या भंगारातून वरच्या मॉडेलच्या दाराचं हार्नेस सॉकेटसकट आणलंस, वायरी तोडून पीळ मारत बसला नाहीस, हेही आवडलं. कॅमेऱ्याला वीज मागच्या रिव्हर्सच्या दिव्यावरून, तेही बरोबर. त्याला कितीशी लागते.

पण तीच बटणं ऐकून पोटात गोळाही आला. स्टिअरिंगच्या मधोमध एअरबॅग आहे. तुमची गाडी २०१९च्या डिसेंबरातली, त्या जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे सेन्सर, पट्ट्याची टिकटिक, ऐंशीच्या पुढची पीप सक्तीची झाली. एअरबॅगचा पिवळा सॉकेट काढताना बॅटरी सोडवली होतीस का? सोडवल्यावर थोडा वेळ थांबलास का? एअरबॅगच्या डब्यात कपॅसिटर असतो, बॅटरी काढल्यावरही तो काही वेळ वीज धरून राहतो. आणि पिवळ्या वायरीला मल्टिमीटरचं टोक कधीही लावायचं नाही, रेझिस्टन्स बघायला तर मुळीच नाही. मीटर स्वतः थोडी वीज सोडतो, आणि एअरबॅगला थोडीच पुरते.

त्याच २०१९च्या नियमांत आणखी एक होतं, वीज गेली तरी सेंट्रल लॉक आतून हाताने उघडलं पाहिजे. जळत्या किंवा बुडत्या गाडीत माणसं अडकू नयेत म्हणून. तू बाजारातून आणलेल्या लॉकच्या मोटरी दारात घातल्यास. बॅटरी काढून, आत बसून, चारही दारं कधी उघडून पाहिलीस का? उद्या सकाळी पाहा. ताईला आत बसवू नकोस, तू बस.

डॅशच्या मागच्या मोठ्या बंडलात एकमेकींना पीळ मारलेल्या दोन वायरी आढळल्या, तर त्यांना हातच लावू नकोस. ते कॅन आहे. बॉशने १९८६ला काढलं, दोनच वायरींवरून गाडीतले सगळे डबे एकमेकांशी बोलतात. टेस्ट लॅम्प टोचलास तर सगळे एकदम मुके होतील, आणि त्यांना बोलतं करायला माझ्याकडचा पक्कड-पाना पुरणार नाही. आमच्या काळी वायर कापली की एक दिवा जायचा.

कायद्याचं मी फार बोलत नाही. कलम ५२ आहे, २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाचा निकालही आला, कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी करायची नाही. काचेच्या मोटरीसाठी तुला कोणी चावडीवर नेणार नाही. पण आग लागली तर विम्यावाला पहिला प्रश्न तुझ्या वायरीबद्दल विचारेल, आणि उत्तर दाजींना द्यावं लागेल. दाजींना तर खोटं बोलता येत नाही. आमच्या घरात ते फक्त मलाच जमलं.

हिरवा अजून तिथेच आहे का?

मी रविवारी येतो. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत सकाळी दहापर्यंत मुरबाड, तिथून म्हसा. क्रिंपिंगची पक्कड माझी आणतो, ती चांगल्या दातांची आहे. जाड वायर, दोन रिले, फ्यूजचा होल्डर, कापडी टेप आणि रबरी बुचं आणतो. चार साइजची आणतो, म्हणजे भोकाला लहान-मोठं म्हणायला जागा नको. बॅटरीपासून वितीच्या आत फ्यूज घालू, तिथून वायर काचेच्या मोटरीकडे, आणि रिलेच्या पंचाऐंशी-शहाऐंशी नंबरच्या पिना किल्लीच्या लाइनवर. तुझ्या रेडिओवर मग बटणाएवढाच भार राहील. एकही गोष्ट काढून टाकायला सांगणार नाही. ताईला बटणाच्या काचा आवडल्या आहेत. "हात दुखायचा फिरवून, आता बरं वाटतं," म्हणाली. तू त्या कोणासाठी बसवल्यास ते मला तेव्हा कळलं. मी दादासाठी दिवे लावले होते, तसंच.

तुझ्या मामीने तिळाचे लाडू करून ठेवलेत, घेऊन येतो. थोरल्या मामालाही बोलावलंय. काम झाल्यावर चहाला बसू, तेव्हा उंदराचं मी त्याला स्वतः सांगणार आहे. तोपर्यंत तू काही बोलू नकोस, ताईकडे तर नाहीच. मला वाटतं तिला पहिल्यापासून माहीत आहे.

आत्ता एवढं कर. दहा नंबरचा पाना घे, बॅटरीचं निगेटिव्ह काढ, टोक फडक्यात गुंडाळून बाजूला ठेव. रविवारपर्यंत ताईला मुरबाडला जायचं झालं तर एसटीने जाऊ दे.

तुझा,
मामा