भरतीची वेळ आणि किनाऱ्यावरील पाहुणे पक्षी

पावसाळा ओसरू लागला की कोकणच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांच्या मुखाशी स्थलांतरित पक्ष्यांचे पहिले थवे उतरू लागतात. मार्गशीर्ष-पौषात त्यांची संख्या भरास येते आणि वैशाखापर्यंत बहुतेक पक्षी परतीच्या वाटेला लागलेले असतात. यांतील छोटा टिलवा हा वजनाने जेमतेम २० ते ३० ग्रॅमचा पक्षी. त्याची वीण होते ती ध्रुवप्रदेशालगतच्या टुंड्रात, आणि हिवाळा काढावयास तो आपल्या चिखलमैदानांवर येतो. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवरून येतो. मात्र हिवाळ्यातील प्रत्येक पाहुणा 'सैबेरियाचा' असतो, हा समज खरा नव्हे. ठाणे खाडीत दिसणाऱ्या रोहित पक्ष्यांचे आपल्या देशातील प्रमुख वीणस्थान कच्छच्या रणात आहे.

हे पक्षी पाहावयास अथवा त्यांची छायाचित्रे घ्यावयास जाणारा हौशी माणूस बहुधा दुर्बीण आणि कॅमेरा यांची चौकशी आधी करतो. त्याने प्रथम पंचांग उघडावे, असे आमचे मत आहे. किनाऱ्यावरील पक्ष्यांचा दिवस सूर्यावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीने चिखल उघडा पडला की त्यांची पंगत मांडली जाते, मग ती वेळ मध्यरात्रीची का असेना. भरतीने चिखल झाकला की पंगत उठते. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्याने ही वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांनी यासाठी एक सोपा हिशेब फार पूर्वीपासून ठेवला आहे. तिथीचा आकडा पाऊणपट करावा. जो आकडा येईल, त्या सुमारास पूर्ण भरती. पक्ष शुद्ध असो वा वद्य, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ आणि पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या पुढे. मुंबई परिसरातील उघड्या किनाऱ्यावर हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळतो. खाडीत आत जावे तसा भरतीला उशीर होतो. नेमकी वेळ हवी असल्यास भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-कोष्टके आहेतच.

या हिशेबाचा उपयोग असा. पूर्ण ओहोटीच्या वेळी पक्षी पाण्याच्या कडेशी, कधी अर्धा-एक किलोमीटर दूर पांगलेले असतात. त्यांच्या मागे चिखल तुडवीत जाण्यात काहीच हशील नाही. पक्षी तर उडतातच, शिवाय पाय रुतून माणूस अडचणीत येतो. त्याऐवजी पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी किनाऱ्याशी एके जागी बसून राहावे. चढते पाणी पक्ष्यांना हळूहळू आपल्याकडे लोटीत आणते. आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळचे ऊन आपल्या पाठीशी असते आणि पक्ष्यांवर सरळ पडते. म्हणजे सकाळी सात ते दहा या वेळात पाणी चढत असेल असा दिवस निवडावयाचा. पाऊणपटीच्या हिशेबाने तो द्वादशी ते चतुर्दशी या दिवसांत येतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते. तेव्हा पाण्याचा चढउतार थोडा आणि सकाळ ओहोटीची, म्हणून तो काळ छायाचित्रकारास फारसा सोयीचा नाही. शिवडीचा धक्का मात्र पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे तेथे सारे उलट होते. तेथे दुपारनंतर जावे.

समोर आलेला थवा प्रथमदर्शनी एकसारखा, मातकट दिसतो आणि नवशिका तेथेच निराश होतो. रंगाकडे दुर्लक्ष करून चोच व चाल पाहिली तर निम्मे काम होते. आखूड चोचीचे चिखल्या पक्षी चार पावले धावतात, थबकतात आणि टोचतात; त्यांचे भक्ष्य डोळ्यांनी हेरलेले असते. मालगुजा, ज्यास पक्षिनिरीक्षक गॉडविट म्हणतात, तो लांब सरळ चोच चिखलात खुपसून चाचपत जातो. त्याच्या चोचीच्या टोकाला स्पर्शज्ञान असते आणि चिखलाच्या आतही ते टोक तेवढे उघडता येते. कोरलाची बाकदार चोच बिळातील खेकडे व किडे ओढून काढते. एकाच चिखलात इतक्या जाती भांडणाशिवाय जेवतात, त्याचे एक कारण हेच, की प्रत्येकाचे ताट निरनिराळ्या खोलीवर आहे. अक्षीसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर लाटेच्या पुढे-मागे धावणारे फिकट तुतवार आणि तांबड्या चोचीचा कालवफोड्या यांची ओळख लवकर पटते. कुरव पक्षी अधिक फसवे. काळ्या किंवा तपकिरी डोक्याचे म्हणून ज्यांना शोधावे, त्यांचे डोके हिवाळ्यात पांढरेच असते. केवळ डोळ्यामागे एक काळसर ठिपका उरतो. पंख उघडल्यावर भेद कळतो. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या काळ्या पंखटोकावर पांढरे ठिपके असतात, तर काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढील कड पांढरी असते. अशा ठिकाणी उडत्या पक्ष्याचे एक साधे छायाचित्र तासाभराच्या वादापेक्षा उपयोगी पडते.

छायाचित्रणाची तांत्रिक बाजू थोडक्यात सांगता येते. ४०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब भिंग असावे. उडत्या पक्ष्यासाठी प्रकाशकाल सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी ठेवावा. कॅमेरा जमिनीलगत, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणावा. चकाकत्या पाण्यापुढे पक्षी काळा येतो, म्हणून प्रकाश थोडा वाढवून घ्यावा. काळ्या चिखलावरील पांढऱ्या बगळ्यासाठी तो कमी करावा. वाळूत भिंग बदलू नये.

खरा प्रश्न उद्भवतो तो पूर्ण भरतीच्या वेळी. चिखल झाकला गेल्यावर हजारो पक्षी एखाद्या वाळूच्या पट्ट्यावर, खडकावर किंवा मिठागराच्या बांधावर दाटीने उभे राहून विश्रांती घेतात. छायाचित्रकाराला याहून मोहक दृश्य नाही आणि पक्ष्यांना याहून नाजूक वेळ नाही. एक पाय पोटाशी घेऊन उभा असलेला पक्षी आळशी नसतो, तो शक्ती राखून असतो. परतीच्या प्रवासासाठी या पक्ष्यांना अंगात चरबी साठवावी लागते. काही जातींत निघण्यापूर्वी वजन जवळजवळ दुप्पट होते. थवा उडाल्याचे चित्र हवे म्हणून कोणी धावत जातो, कोणी ड्रोन सोडतो, मोकाट कुत्री असतातच. प्रत्येक उड्डाणात साठविलेले खर्ची पडते आणि चिखल पाण्याखाली असल्याने ते त्या घटकेस भरूनही निघत नाही. मिठागरे आणि पाणथळ जागा आक्रसत चालल्या असताना उठविलेल्या थव्याला दुसरी जागा मिळेलच असे नाही.

म्हणून पक्ष्यांची भाषा वाचावयास शिकावे. खाणारे पक्षी एकाएकी माना उंचावून स्तब्ध झाले, झोपलेल्यांनी दुसरा पाय टेकला, थवा एका दिशेने चालू लागला, तर आपण मर्यादा ओलांडली आहे. तेथेच थांबावे अथवा मागे सरावे. जवळ जाणे भागच असेल तर सरळ रेषेत न जाता तिरपे, वाकून, थांबत जावे. मांडव्याच्या बोटींवरून कुरवांना गाठिया टाकून जवळ बोलावण्याची रीत अनेकांना निरुपद्रवी वाटते; आम्हांस ती मुळीच पसंत नाही. मासे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेल्या बेसनाची सवय लावण्यात भूतदया कसली?

ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून नौकेने पक्षी पाहता येतात. बसल्या जागी पक्ष्यांजवळ नेणारी ही सोय नवशिक्यासाठी उत्तम होय. इतरत्र अभयारण्याच्या हद्दीत छायाचित्रण करावयाचे झाल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन विभागाची परवानगी घ्यावी लागते.

घरी परतल्यावर वहीत तारीख, तिथी, भरतीची वेळ, ठिकाण, जाती व अंदाजे संख्या लिहावी. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून चालत आलेल्या या कामात स्वयंसेवकांनी केलेल्या अशाच नोंदी एकत्र येतात. छायाचित्र मोठे करून पक्ष्याचे पायही तपासावेत. एखाद्या पायात कडे किंवा रंगीत पट्टी आढळली आणि तिच्यावरील अक्षरे वाचता आली, तर ती अक्षरे, स्थळ व दिनांक मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस कळवावे.