लंडनचा एजंट सुटला, आता?

जानेवारीत जयपूरचा साहित्यमेळा उरकला की फेब्रुवारीत माझा फोन वाजायला लागतो. पूर्वी पालक विचारायचे, ‘मुलगा लेखक व्हायचं म्हणतोय, काय करू?’ आता विचारतात, ‘एजंटने सोडलं, काय करू?’ इंग्रजीत लिहिणारी पुण्या-मुंबईची मुलं लंडन-न्यूयॉर्कच्या लिटररी एजंटांना मेल टाकत राहतात. एखादीला होकार येतो, घरात पेढे वाटले जातात. मग कादंबरी कुणी घेत नाही, एजंटची उत्तरं महिन्या-महिन्याने यायला लागतात आणि एक दिवस दोन परिच्छेदांत निरोप येतो.

मराठीत हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाकडे जायची रीत, त्यामुळे हे प्रकरण अनेकांना ठाऊक नसतं. तिकडचे मोठे प्रकाशक बहुधा एजंटकडून आलेलंच वाचतात. पुस्तक विकलं गेलं तर एजंट देशातल्या कमाईतून साधारण 15 टक्के आणि परदेशी हक्कांतून बहुधा 20 टक्के घेतो. (हस्तलिखित वाचायचेच पैसे मागणारा कुणी असेल, तर तो गेला हे बरंच झालं.)

मध्यंतरी चिंचवडहून एक गृहस्थ लेकीला घेऊन आले. प्लास्टिकच्या फायलीत सगळे मेल छापलेले, त्यावर पिवळ्या हायलायटरच्या रेघा. “मॅडम, हे बघा, इथे हिने नऊ दिवसांनी उत्तर दिलंय. माफीचा मेल टाक, असं रोज सांगतोय.” मुलगी सत्तावीस वर्षांची. चहाच्या कागदी कपाची कड नखाने सोलत बसली होती. मी वडिलांना बाहेर बसायला सांगितलं. रागावले. रागावू देत.

एजंट म्हणजे इंजिनिअरिंगची सीट नव्हे, एकदा मिळाली की चार वर्षं आपलीच. तो व्यवसायातला भागीदार. त्याचा अंदाज चुकतो, तो नोकरी बदलतो, त्याला बाळ होतं, कधी त्याला पुस्तकच आवडेनासं होतं. मोठमोठ्यांचंही फाटलंय. कादंबरीकार मार्टिन एमिसने 1995मध्ये आपली एजंट पॅट कॅव्हनॉला सोडून अँड्र्यू वायलीला धरलं. कॅव्हनॉचे पती ज्युलियन बार्न्स हे एमिसचे जिवलग मित्र. त्या मैत्रीलाही तडा गेला. जे. के. रोलिंगने 2011मध्ये, पहिल्या पुस्तकापासून सोबत असलेल्या एजन्सीचा हात सोडला. दोघांचंही लिहिणं थांबलं नाही. तेव्हा वडिलांनी मुलीच्या मेलचं पोस्टमॉर्टेम करू नये. सत्तावीस वर्षांच्या लेखिकेच्या वतीने बाप पत्रव्यवहार करतोय, हे समोरच्याला कळलं तर उरलासुरला मानही जाईल.

मी तिला एकच विचारलं, “कादंबरी कुणाकुणाला दाखवली, यादी आहे?” नव्हती. दीड वर्षात तिने मागितलीच नव्हती. आम्ही तिथेच बसून चार ओळींचा मेल लिहिला. आभार, मग विनंती: कोणत्या संपादकाला हस्तलिखित कधी पाठवलं, काय उत्तर आलं, कोणाचं उत्तर यायचंय. तक्रार एक नाही. आठवड्याने अकरा नावं आली. दोघांची उत्तरं अजून यायचीच होती. ही यादी सोन्यासारखी जपा. नवा एजंट पहिल्यांदा हेच विचारतो, कारण एकदा नाकारलेलं हस्तलिखित त्याच दारात पुन्हा नेता येत नाही. मग करारपत्र काढा. सोडायची नोटीस बहुतेकदा 30 ते 60 दिवसांची असते. जे पुस्तक आधीच विकलं गेलंय, त्याचं कमिशन जुन्याच एजन्सीला जात राहतं. तिथे भांडू नका. न विकलेलं तुमचं. फक्त जुन्या एजंटने दाखवलेल्या संपादकाने पुढच्या काही महिन्यांत ते घेतलं तर कमिशन कुणाचं, ते कलम दोनदा वाचा.

आणि कृपा करून एजंटचा निरोप आला त्याच रात्री चाळीस नव्या एजंटांना मेल धाडू नका. सध्या हीच फॅशन आहे. अकरा ठिकाणी फिरून आलेल्या कादंबरीवर नवा एजंट सहसा हात ठेवत नाही, दुसरं काही लिहिलंय का विचारतो. दुसरं नसेल तर आधी ते लिहा. दरम्यान दिल्लीच्या इंग्रजी प्रकाशकांकडे थेट पाठवून बघा, बरेच जण घेतात. करार मात्र वाचा: आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

एजंट मिळाल्याच्या आनंदात नोकरी सोडली असेल तर ती आधी परत धरा. त्यातही माझं एक लाडकं काम आहे, जे कुणी विचारतच नाही: प्रकाशनसंस्थेत अनुवादाचे आणि इतर हक्क विकण्याचं. फ्रँकफर्टला दर ऑक्टोबरात याचाच बाजार भरतो. आपल्याकडे या कामाला माणसं कमी. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978चं, संपूर्ण इंग्रजीत यायला 2015 उजाडलं. हक्कविक्रीच्या टेबलावर वर्षभर बसलेल्या मुलीला कुठलाही एजंट करारात गुंडाळू शकत नाही. मराठी, इंग्रजी आणि हिशेब, तिन्ही यायला हवं. पगार आयटीसारखा नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे वडिलांचा मार्चमध्ये पुन्हा फोन नको.