परतीचा हक्क आणि अमानत

इस्लामने व्यापाराकडे केवळ उपजीविकेचे साधन म्हणून पाहिलेले नाही. नमाज मस्जिदीत अदा होते, पण नमाजीची सचोटी बाजारात दिसते. आज हा बाजार मोबाईलमध्ये सामावला आहे. आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरसारख्या गावातून ईदच्या खरेदीसाठी पूर्वी मंचर गाठावे लागे. दुकानदार ओळखीचा असे आणि कापड हाताने चाचपून घेतले जाई. आता छायाचित्र पाहून वस्तू मागवली जाते आणि मोटारसायकलवर पाठीशी मोठी पिशवी बांधलेला तरुण ती दारात आणून देतो. वस्तू हाती आल्यावर पैसे देण्याची सोय आणि २०१६ साली सुरू झालेली यूपीआय व्यवस्था यांमुळे ही सवय खेड्यापाड्यांत रुजली. वस्तू मागवणे सोपे झाले, तसे ती परत पाठवणेही सोपे झाले. या दुसऱ्या सोयीचा विचार आपण फारसा करत नाही.

एक उदाहरण

असे समजू या की, एका घरातील मुलीने ईदसाठी अठराशे रुपयांचा पोशाख मागवला. ईदच्या दिवशी तो घातला, नातेवाइकांकडे जाऊन आली. दुसऱ्या दिवशी पोशाखाची घडी घातली, चिठ्ठी पुन्हा अडकवली आणि परतीचे कारण म्हणून ‘वस्तू सदोष आहे’ असे निवडले. चार दिवसांत पैसे खात्यावर जमा झाले. अम्मीने हटकले तेव्हा मुलगी म्हणाली, “एवढी मोठी कंपनी आहे, तिला काय फरक पडतो?”

हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तर शोधणे आवश्यक आहे.

शरीअतने ग्राहकाला दिलेला हक्क

प्रथम हे लक्षात घ्यावे की, वस्तू परत करणे ही गैर गोष्ट नाही. इस्लामी धर्मशास्त्रात या हक्काला ‘खियार’ म्हणतात. न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर व्यवहार कायम ठेवावा की मोडावा, याचा अधिकार हनफी फिकहने ग्राहकाला दिला आहे. वस्तूत दोष आढळल्यास ती परत करण्याचा हक्क वेगळा आहे, आणि ठरावीक मुदतीची अट घालून केलेल्या खरेदीचा हक्क त्याहून वेगळा. व्यवहारात वारंवार फसवल्या जाणाऱ्या एका सहाबींना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले होते की, खरेदी करतानाच ‘यात फसवणूक नसावी’ असे स्पष्ट सांगत जा.

म्हणून मागवलेला कुर्ता आखूड निघाला, रंग चित्रापेक्षा निराळा आला किंवा शिवण उसवलेली असली, तर तो निःसंकोच परत करावा. विक्रेत्याच्या अटींत बसत असेल, तर दोन मापे मागवून एक परत करण्यातही दोष नाही. कारण तेथे दोन्ही पक्षांना व्यवहाराचे स्वरूप ठाऊक असते.

विक्रेत्याची जबाबदारी

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. धान्य पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. लोकांना दिसेल असे ते भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला.

मंचरच्या बाजार समितीत कांदा नेणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पिशवीच्या तोंडाशी मोठा कांदा आणि तळाशी गोल्टी भरली, तर दहा किलोस मिळालेला भाव हलाल कसा ठरेल? मोबाईलवरील उजळ केलेले छायाचित्र आणि पैसे देऊन लिहून घेतलेली स्तुती हीही पिशवीच्या तोंडाशी ठेवलेल्या कांद्यासारखीच आहे.

देशाच्या कायद्यानेही हे ओळखले आहे. ग्राहक म्हणून मुखवटा घालून स्वतःच्या मालाची खोटी प्रशंसा लिहिण्यास २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मनाई केली. खोटी घाई निर्माण करणे, ग्राहकाच्या नकळत टोपलीत वस्तू घालणे अशा तेरा क्लृप्त्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध ठरवल्या. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. अन्याय मुकाट्याने सोसावा, असे इस्लाम सांगत नाही.

ग्राहकाची जबाबदारी

परंतु जी कसोटी विक्रेत्याला लागू आहे, ती ग्राहकालाही लागू आहे. विक्रेता व ग्राहक खरे बोलले आणि वस्तुस्थिती उघड केली, तर व्यवहारात बरकत येते आणि लपवाछपवी केली, तर ती नाहीशी होते, असा हदीसचा आशय आहे. त्यात दोघांचाही उल्लेख आहे. पवित्र कुरआनने सूरह अन्-निसाच्या २९ व्या आयतीत परस्परांची संपत्ती अनुचित मार्गाने खाण्यास मनाई केली आणि परस्पर संमतीच्या व्यापाराला त्यातून वगळले. घातलेला पोशाख न घातलेला म्हणून परत घेण्यास विक्रेत्याने संमती दिलेली नसते. ती संमती असत्य सांगून मिळवलेली असते.

आणि ‘मोठी कंपनी’ हे तरी कितपत खरे? त्या नावाआड पुष्कळदा एखादा लहान विक्रेता असतो. परतीच्या वाहतुकीचा खर्च अनेकदा त्याच्याच खात्यातून वळता होतो आणि वापरलेला कपडा पुन्हा विकता येत नाही. पार्सल घेऊन उन्हात आलेल्या तरुणाला ‘आता नको’ म्हणून सहज परत पाठवणारे घरही असेच आहे. बऱ्याच ठिकाणी त्या तरुणाला पोहोचवलेल्या नगावर मोबदला मिळतो. त्याची फेरी आणि पेट्रोल आपल्या लहरीपायी वाया जाते. करार पाळण्याचा आदेश सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. मोबाईलवर बोट टेकवून केलेला करारही करारच असतो.

तरीही क्षणभर मानू या की, कंपनी खरोखरच अवाढव्य आहे. म्हणून काय झाले? श्रीमंताची संपत्तीदेखील त्याच्या संमतीवाचून आपल्याला हलाल होत नाही.

प्रेषितांनी (स.) खरा दिवाळखोर कोण, हे सहाबींना समजावले होते. तो नमाज, रोजे आणि जकात घेऊन आखिरतमध्ये येईल, पण कुणाचा माल खाल्लेला असेल, कुणाला दुखावलेले असेल, आणि त्याची पुण्ये हक्कदारांना वाटून दिली जातील. महिनाभर रोजे ठेवून कमावलेले पुण्य ईदच्या एका पोशाखापायी गमावणे, याहून तोट्याचा सौदा कोणता?

आता काय करावे?

ज्यांच्याकडून अशी चूक झाली असेल, त्यांच्यासाठी तौबाचे दार उघडे आहे. मात्र माणसांच्या हक्कांबाबत केवळ पश्चात्ताप पुरेसा नसतो, हक्क परत करावा लागतो. विक्रेत्याशी संपर्क साधून खरे सांगावे व रक्कम देऊ करावी. तो कोणत्याही प्रकारे सापडत नसेल, तर तेवढी रक्कम त्याच्या वतीने गरजूंना द्यावी. शंका असल्यास जवळच्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

यापुढे मागणी नोंदवण्यापूर्वी वस्तूची गरज आणि खिशातील पैसे, दोन्ही पाहावेत. खर्चात उधळपट्टी नको आणि कंजूषीही नको, असा मध्यममार्ग सूरह अल्-फुरकानने श्रद्धावंतांचा गुण म्हणून सांगितला आहे. परतीचे कारण निवडताना मात्र थोडे थांबावे. त्या यादीसमोर आपण एकटेच असतो, विक्रेता पाहत नाही, शेजारी पाहत नाही. पण अल्लाह पाहत असतो, आणि ईमानची खरी कसोटी अशा एकांतातच लागते.

अल्लाह आपल्या कमाईत, खर्चात आणि व्यवहारात सचोटी देवो. आमीन.